ओटा पुसला की काळा, वाळला की पांढरा: कडप्पा न फोडता नीट कसा करायचा

रात्री जेवणं आटोपून ओटा धुतला, फडक्यानं पुसून घेतला की कडप्पा कसा काळाभोर दिसतो. सकाळी चहाला उठावं तर तोच ओटा राखाडी, नळाभोवती पांढरा, शेगडीच्या बाजूला चिकट, आणि भिंतीलगतचा सांधा काळा. आमच्याकडे हे सात-आठ वर्षं चाललं. दर दिवाळीला दोन दिवस घासायचं, सांध्यांत पांढरं सिमेंट भरायचं, आणि संक्रांतीचे लाडू वळायला घ्यावेत तोवर सगळं परत होतं तसंच.

शेवटी ओटा काढून ग्रॅनाइट टाकायचं ठरवलं आणि गवंड्याला बोलावलं. त्यानं मोजमाप घेतलं, हिशोब मांडला आणि मी गप्प झाले. दगडाचे पैसे त्यात कमीच होते. जास्त पैसे जाणार होते ते भोवतालच्या मोडतोडीत: सिंक काढून परत बसवायचं, खालच्या ट्रॉल्या सोडवायच्या, भिंतीच्या टाइल्सची खालची ओळ फुटणार ती नव्यानं लावायची, आणि त्या डिझाइनच्या टाइल्स आता मिळत नाहीत म्हणजे सगळी भिंतच आली. वर पंधरा दिवस स्वयंपाकघर बंद. म्हणून आहे तोच ओटा नीट करायला घेतला. दोन पावसाळे उलटून गेलेत, म्हणून आता खात्रीनं लिहिते आहे.

आधी दगड कोणता ते बघा

सगळ्या चुका इथूनच सुरू होतात. काळा दिसतो म्हणून लोक कडप्प्याला ग्रॅनाइट समजतात आणि ग्रॅनाइटचे उपाय त्यावर करतात. कडप्पा हा आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागातून येणारा चुनखडीचा दगड. शहाबादी आणि कोटाही चुनखडीचेच. मार्बल त्याच कुळातला. या सगळ्यांना आंबट चालत नाही. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, ताक, टोमॅटो, यातलं काहीही थोडा वेळ पडून राहिलं की दगडाचा वरचा थर खाल्ला जातो. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असतात, त्यांना लिंबाचं काही वाटत नाही.

ओळखायची पद्धत सोपी आहे. सिलिंडरच्या मागे किंवा मिक्सरखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. बारीक बुडबुडे आले, किंवा पुसून वाळल्यावर तिथं फिकट ठिपका राहिला, तर तो चुनखडीचा दगड. काहीच झालं नाही तर बहुधा ग्रॅनाइट. दुसरी खूण सुरीच्या टोकाची: कडप्प्यावर ओरखडा उठतो, ग्रॅनाइटवर उलट सुरीचंच लोखंड घासून चंदेरी रेघ राहते आणि ती बोटानं पुसली जाते.

पांढरेपणा एकाच प्रकारचा नसतो

हे मला फार उशिरा कळलं. आमच्या सहा फुटी ओट्यावर चार वेगवेगळे पांढरेपणे होते आणि मी चौघांवर एकच उपाय करत होते.

नळाभोवतीचा पांढरेपणा क्षाराचा. पुण्याच्या उपनगरांत बोअरचं आणि टँकरचं पाणी जड असतं, ते वाळलं की मागे कॅल्शियम उरतं. नख फिरवलं तर खरखरीत उंचवटा लागतो, आणि ओला केला तरी तो पांढराच दिसतो.

मधल्या भागातले गोल आणि ओघळ हे आंबटानं खाल्लेले. सरबताच्या पेल्याचं बूड, लोणच्याच्या बरणीचं कडं, चिरलेल्या लिंबाची फोड जिथं पालथी राहिली तिथलं वर्तुळ. नख फिरवलं तर काहीच लागत नाही. ओलं केलं की डाग नाहीसा, वाळलं की हजर. 'पुसला की काळा, वाळला की पांढरा' हे कोडं मुख्यतः याचंच. दगडाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत झालेला असतो, पाणी ते खड्डे भरतं तेवढ्यापुरता काळा दिसतो. इथं घासून काढण्यासारखं काही नसतंच. डाग वर बसलेला नाही, दगड कमी झालेला आहे.

तिसरा, भांडी घासायच्या वडीची पांढरी साय. नखानं खरवडली तर नखात मेणासारखं येतं. चौथा, सांध्याच्या कडेनं येणारी भुकटी, पावसाळ्यानंतर जास्त. ती पुसली की सहज जाते आणि आठ दिवसांनी परत येते. म्हणजे खालच्या सिमेंटमध्ये पाणी मुरतंय आणि वर येऊन वाळताना क्षार सोडून जातंय. हा पांढरेपणा वरून कितीही घासला तरी कायमचा जाणार नाही.

खात्री करायची असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीचा वीतभर तुकडा कोरड्या दगडावर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करा. दुसऱ्या दिवशी आतून दव धरलेलं दिसलं तर ओल खालून येते आहे.

माझी मोठी चूक इथंच सांगते. एका दिवाळीला नळाजवळचा क्षार निघेना म्हणून संडास धुवायचं ॲसिड पाण्यात घालून ओतलं. फसफसलं, क्षार गेला, मला समाधान वाटलं. वाळल्यावर बघते तर सिंकच्या डावीकडचा दोन फूट कडप्पा पाटीवर खडू फासावा तसा पांढराफटक. वासानं घसा धरला तो वेगळाच. क्षार आणि कडप्पा दोन्ही मुळात एकाच द्रव्याचे, कॅल्शियम कार्बोनेटचे. क्षाराला जे खातं ते दगडालाही खातं. म्हणून कडप्पा, शहाबादी, कोटा किंवा मार्बल असेल तर ॲसिड, व्हिनेगर, लिंबू, 'डाग घालवणारी' आंबट वासाची द्रावणं यांतलं काहीही ओट्यावर नको. आणि कोणत्याही दगडावर ब्लीच आणि ॲसिड एकत्र तर कधीच नको, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

पाणी कुठून शिरतंय ते आधी शोधा

भुकटी येत असेल, सांधा काळा पडत असेल, ट्रॉलीत कुबट वास असेल, तर चमक आणण्याआधी हे करा. नाहीतर सगळी मेहनत तीन महिन्यांची.

रात्री सिंकखाली कोरडं वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी ओला डाग कुठं पडलाय ते बघा. आमच्याकडे पाइप कोरडा होता, पण नळ जिथं ओट्यातून वर येतो तिथला खालचा नट सैल होता. नळाच्या बुडाशी साचलेलं पाणी त्या भोकातून थेंबथेंब खाली जायचं, आणि तेच कडप्प्याखालच्या सिमेंटमध्ये मुरायचं. आठ वर्षं आम्ही सांध्याला दोष दिला. पान्यानं नट आवळला, बुडाभोवती सीलंट भरलं, आणि मग दोन आठवडे ओटा तसाच ठेवला. भुकटी येणं थांबलं तेव्हाच पुढचं काम घेतलं. हे दोन आठवडे थांबायला फार जिवावर येतं, पण थांबा.

कडप्प्याचा काळा रंग परत आणणं

लागतं काय: वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर. हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो, रंगारी आणि गाडीचं डेंटिंगवाले वापरतात तोच. 220, 400, 600 आणि 1000 नंबरचे प्रत्येकी तीन-चार (नंबर लहान तेवढा कागद खरखरीत). घरातली तुटलेली रबरी स्लिपर कापून तिचा मुठीत बसेल असा तुकडा करा, कागद त्याला गुंडाळायचा. लाकडी ठोकळ्यापेक्षा रबर बरं, दगडाच्या किंचित उंचसखलपणावर ते नीट बसतं. हातमोजे, पाण्याचं बकेट, जुनी फडकी.

आधी चिकटा आणि वडीची साय काढून घ्या. गरम पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून दहा मिनिटं ओलं ठेवा, मग दाढीचं पातं किंवा रंगाऱ्याची पात्याची खरवडणी जवळजवळ आडवी धरून ढकला. उभी धरली तर कडप्प्यावर रेघा पडतात. नळाजवळचा जाड क्षारही असाच पात्यानं जेवढा निघेल तेवढा काढा, उरलेला कागदानं जाईल.

मग दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्या. पाणी ओता, 220 नंबरचा कागद भिजवा आणि मध्यम जोरानं आडवा घासा. पाणी सारखं हवं. कोरडं घासू नका, उडणारी दगडाची धूळ फुप्फुसांना वाईट. दोन-तीन मिनिटांत काळसर राखाडी गाळ तयार होतो, साबणासारखा गुळगुळीत. तो फडक्यानं टिपून बकेटमध्ये पिळा. सिंकमध्ये सोडू नका, पाइपमध्ये बसला तर प्लंबर बोलवावा लागेल. टिपून झालं की पंख्याखाली तो भाग पूर्ण वाळू द्या आणि खिडकीच्या उजेडात तिरकं बघा. लिंबाची वर्तुळं दिसतात का? दिसत असतील तर परत 220. ही पायरी लवकर सोडली तर पुढचे कागद कितीही फिरवा, वर्तुळं तशीच चमकतात. मी पहिल्या चौकोनात घाई केली आणि 1000 नंबरपर्यंत पोचून परत सुरुवातीला आले.

220 चं काम झालं की 400 उभा, 600 आडवा, 1000 परत उभा. दिशा बदलायची ती यासाठी की आधीच्या कागदाच्या रेघा पुसल्या गेल्या की नाहीत ते लगेच दिसतं. ॲसिड पडलं नसेल, फक्त निस्तेज झाला असेल, तर 400 पासून सुरुवात पुरते.

600 नंतर रंग बदलू लागतो. 1000 झाल्यावर हात फिरवून बघा, नवी पाटी असते तसा लागतो. आरशासारखा चमकत नाही, चमकवूही नये. ओट्यावर तेवढी चमक टिकत नाही आणि पहिल्याच लिंबाचा डाग लांबून दिसतो. ही मंद काळी झाक मला तरी नव्या ग्रॅनाइटपेक्षा शोभून दिसते.

एका चौकोनाला पाऊण ते एक तास धरा. आमच्या ओट्याला दोन रविवार लागले. नवऱ्यानं दुसऱ्या रविवारी सिंकची बाजू घेतली तेव्हा सासूबाई बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "अरे, गाळ टाकू नकोस सगळा. वाळवून ठेव." त्यांच्या माहेरी फरशीचं काम करणारे होते. त्यांनी सांगितलेली ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली.

सांधे, आणि कडेचे टवके

पांढरं सिमेंट दरवर्षी का निघतं? ते ताठ असतं आणि पाणी पितं. ओट्यावर मिक्सर थरथरतो, खलबत्ता आपटतो, गरम कुकर उतरतो, दगड केसभर हलतो आणि सिमेंटला भेग जाते. त्या भेगेत पाणी, पिठी, तेल. मग ते काळं पडणारच. त्यात काळ्या दगडात पांढरी रेघ मुळातच वाईट दिसते.

दोन दगडांमधला सांधा आणि ओटा-भिंतीचा सांधा यांचे उपाय वेगळे आहेत. हे कुणी सांगत नाही.

दगड-दगड सांध्यासाठी इपॉक्सी. जुनं सिमेंट करवतीच्या पात्याच्या तुकड्यानं निदान पाच-सहा मिलिमीटर खोल खरवडून काढा. वरवर काढून त्यावरच भरलं तर ते पापुद्र्यासारखं सुटतं. मग ब्रशनं झाडा आणि दोन दिवस पंखा लावून वाळवा, ओल्या सांध्यात इपॉक्सी धरत नाही. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. अराल्डाइटसारखं दोन ट्यूबचं इपॉक्सी पाकिटावरच्या प्रमाणात मिसळा आणि त्यात सासूबाईंनी वाळवायला लावलेली कडप्प्याची भुकटी घाला. ती आपल्याच दगडाची, त्यामुळे रंग जुळतो. भुकटी नसेल तर हार्डवेअरचा काळा ऑक्साइड चिमूटभर चालतो, पण तो जास्त झाला तर सांधा कोळशासारखा वेगळा दिसतो. वाळवलेली भुकटी हाताळताना नाकाला रुमाल बांधा. सांध्यात दाबून भरा, किंचित वर येऊ द्या, टेप लगेच काढा. 24 तासांनी 400, 600, 1000 कागदानं पातळीत आणा. आमच्या ओट्याचा मधला सांधा आता बोटाला कळतो, डोळ्याला कळत नाही.

पुढच्या कडेचे टवके असेच भरायचे. खालून आणि समोरून चिकटपट्टीचा साचा करा, भरा, दुसऱ्या दिवशी कागदानं गोलाई द्या.

भिंतीलगतच्या आणि सिंकभोवतीच्या सांध्याला मात्र इपॉक्सी नको. भिंत आणि ओटा वेगवेगळे हलतात, तिथं लवचीक सिलिकॉन सीलंट लागतं. दुकानात दोन प्रकार मिळतात. एक लावताना व्हिनेगरसारखा वास येतो, कारण ते वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. ते कडप्पा-मार्बलला लावू नका, कडेनं पांढरी रेघ उठेल. ट्यूबवर 'न्यूट्रल' लिहिलेलं आणि बुरशीरोधक असलेलं मागा. सिलिकॉनच्या आत शिरलेली काळी बुरशी घासून जात नाही. ती पट्टी कापून काढायची आणि नवी भरायची. भरल्यावर एक दिवस पाणी नको, म्हणून हे काम रात्री करा आणि दुसऱ्या दिवशीचं जेवण बाहेरून आणा.

तेल की सीलर

कडप्प्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवायची जुनी पद्धत आहे. दगड त्यानं लगेच काळा होतो, पण खाण्याचं तेल काही दिवसांत चिकटतं, पीठ धरतं, खवट वास येतो. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन त्यापेक्षा चांगलं. ते खवट होत नाही. पातळ हात द्या, अर्ध्या तासानं कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून घ्या. भाकरी थापायच्या जागी मी तेही लावत नाही.

जास्त टिकाऊ हवं असेल तर दगडाच्या आत मुरणारं सीलर घ्या. वर थर धरणारं घेऊ नका, तो सोलवटतो. ओटा दोन दिवस कोरडा ठेवून मग फडक्यानं लावा, डब्यावर लिहिलेली मिनिटं झाली की वरचं सगळं पुसून घ्या, राहिलं तर धुरकट डाग पडतात. बरीच सीलरं ज्वालाग्राही असतात, त्यामुळे शेगडी बंद, सिलिंडरचा कॉक बंद, खिडक्या उघड्या. आठवड्यानं पाण्याचे चार थेंब टाकून बघा. पाच-दहा मिनिटांत दगड खाली काळपटला नाही तर सीलर धरलंय.

सीलर तेलाचे आणि हळदीचे डाग अडवतं, लिंबू अडवत नाही. आंबट दगडाला खाणारच, सीलर असो नसो. दुकानदार उलटं सांगतात म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आत मुरलेला तेलाचा जुना डाग असेल तर सीलरच्या आधी मुलतानी माती पाण्यात दाटसर कालवून बोटभर जाड थापा, वर प्लॅस्टिक, एक दिवसानं प्लॅस्टिक काढून माती पूर्ण वाळू द्या आणि मग खरवडा. माती तेल ओढून घेते. जुन्या डागाला तीन-चार वेळा करावं लागतं.

ग्रॅनाइटचा ओटा असेल तर

ग्रॅनाइट निस्तेज झालाय असं वाटतं तेव्हा बहुतेकदा त्यावर फक्त साबणाची साय आणि क्षार असतो. गरम पाणी, लिक्विड, आडवं पातं. उरलेल्या क्षाराला पाण्यात अर्धं व्हिनेगर घालून पाच मिनिटं आणि लगेच धुऊन टाकणं. एवढ्यानं काम होतं. पॉलिश खरोखर गेलं असेल तर हातानं वॉटर पेपर फिरवून काही होत नाही, तिथं डायमंड पॅडचं मशीनच लागतं. ते काम पॉलिशवाल्याला द्या आणि 'पाणी लावून' करायला सांगा. पाणी आणि वीज एकत्र येतात, त्यामुळे घरात ईएलसीबी (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) नसेल तर घरी ग्राइंडर भाड्यानं आणून प्रयोग करू नका.

स्टिकर आणि कोटिंग

मैत्रिणी विचारतात म्हणून लिहिते. मार्बल छापाचा चिकट कागद पीव्हीसीचा असतो, तो 80 अंशांच्या आसपास मऊ पडतो. कुकर शिट्टीला येतो तेव्हा आत सुमारे 120 अंश असतात. शेगडीवरून उतरवून एकदा ठेवला की कागदाला कुकरच्या बुडाचं वर्तुळ. सिंकजवळ कड सुटते, खाली पाणी जातं, मग वास आणि झुरळं. वर ओतायच्या घरगुती इपॉक्सीलाही गरम भांडं सोसत नाही. भाड्याचं घर असेल, मालक हात लावू देत नसेल, तर शेगडी आणि सिंकपासून लांबच्या भागावर कागद लावा, तिथं तो टिकतो.

सिंकच्या पुढची अरुंद पट्टी आरपार तडकली असेल, किंवा कडप्पा ठोकल्यावर पोकळ वाजत असेल आणि पापुद्रे निघत असतील, तर यातलं काही करू नका. खालचा आधार गेलेला आहे. तेवढाच तुकडा कापून बदलता येतो, अख्खा ओटा काढायची गरज नसते.

आमचा सगळा खर्च, कागद, इपॉक्सी, सीलंट आणि सीलरची छोटी बाटली धरून, दोन हजारांच्या आत झाला. लिंबू आता लाकडी पाटावर चिरतो, लोणच्याची बरणी ताटलीत असते, नळाचं बूड रात्री कोरडं पुसतो. खिडकीजवळ एका जुन्या वर्तुळाची फिकट कड अजून आहे. 220 नं ती गेली नाही, 120 नंबर लावावा लागेल. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तो चौकोन घेणार आहे.